शंका-समाधान : सीआर चांगला, तरी कर्नल का नाही?

प्रश्न : मुलगा लष्करात लेफ्टनंट कर्नल आहे. कधी ठपका नाही, सीआर (वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल) कायम ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’. तरी कर्नलच्या बढतीसाठीच्या निवड मंडळात (बोर्डात) नाव आलं नाही. असं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ठपका नसणं लेफ्टनंट कर्नल होईपर्यंत पुरतं. कॅप्टन २, मेजर ६ आणि लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांच्या सेवेनंतर होता येतं. कर्नलपासून निवड सुरू होते. ‘नंबर थ्री सिलेक्शन बोर्ड’ एकाच बॅचच्या अधिकाऱ्यांची आपसात तुलना करतं आणि जागा मोजक्याच असतात. त्यामुळे नाव बहुधा वाईट सीआरमुळे नव्हे, नुसत्या बऱ्या सीआरमुळे मागे पडतं.

सीआरमध्ये १ ते ९ अंक देतात. ९ म्हणजे आउटस्टँडिंग. ८ आणि ७ हे दोन्ही ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’. शब्द एकच, पण बॅचमधल्या अनेकांकडे ९ आणि ८ असताना ओळीने ७ असलेला अधिकारी खाली जातो. शिवाय अहवाल तिघे लिहितात: इनिशिएटिंग, रिव्ह्यूइंग आणि सीनियर रिव्ह्यूइंग ऑफिसर. अधिकाऱ्याला दाखवतात तो फक्त पहिल्याचा भाग, त्यातलेही पुढच्या हुद्द्यासाठीच्या क्षमतेचे रकाने झाकून. वरच्या दोघांनी काय दिलं ते त्याला कळत नाही. अपवाद प्रतिकूल शेऱ्याचा. म्हणजे मुलगा जे ‘कायम’ म्हणतो, ते एकाच खिडकीतून पाहिलेलं असतं.

बोर्डापुढे नाव झाकलेलं असतं. गुणांकनाच्या पद्धतीत ९५ गुण नोंदींचे, म्हणजे मुख्यतः सीआर आणि त्याखालोखाल कोर्स, पदकं वगैरे. सदस्यांच्या हाती उरतात ५. हे ५ गुण थोडे वाटतात खरे, पण कट-ऑफजवळ दशांशांत झुंज असते. कमांडच्या काळातल्या सीआरला विशेष महत्त्व.

संधी एकूण तीन : पहिला विचार, पहिला रिव्ह्यू (पुनर्विचार), अंतिम रिव्ह्यू. रिव्ह्यूत निवड झाली तर मूळ बॅचची ज्येष्ठता जाते. तिन्ही हुकल्या तर २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल, म्हणजे निवडीविना सेवाकाळावर कर्नल, होता येतं, मात्र युनिटची कमांड मिळत नाही.

प्रश्न : एकाच वरिष्ठाने मुद्दाम कमी अंक दिले असतील तर?
– नाशिक

उत्तर : आधी तारखा तपासा. इनिशिएटिंग ऑफिसरच्या हाताखाली किमान ९० दिवस प्रत्यक्ष सेवा झालेली हवी. रजेचे दिवस त्यात धरत नाहीत. तेवढे दिवस भरले नसतील तर अहवाल तांत्रिकदृष्ट्या अवैध ठरू शकतो. ‘साहेबांचा माझ्यावर राग होता’ यापेक्षा हा मुद्दा कितीतरी भक्कम. दुसरा मुद्दा विसंगतीचा : आधीचे-नंतरचे अहवाल ८-९ चे आणि मधला एकच ६ चा, किंवा पेन पिक्चरमध्ये (शब्दांत लिहिलेल्या वर्णनात) स्तुती आणि रकान्यात कमी अंक.

प्रथम लष्करांतर्गत तक्रार, मग आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे स्टॅट्युटरी कम्प्लेंट (वैधानिक तक्रार). सहा महिने अंतिम आदेश आला नाही तरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. आदेश आल्यास त्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. न्यायाधिकरण सहसा थेट बढती देत नाही. सदोष नोंद वगळून बोर्डाने पुन्हा विचार करावा, एवढाच आदेश निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या देवदत्त निकालाचा हवाला अनेक जण देतात. प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे असं त्यात आहे, पण सैन्याधिकाऱ्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे.

प्रश्न : महिला अधिकाऱ्यांच्या जुन्या सीआरचा वाद काय होता?
– कोल्हापूर

उत्तर : त्यांना स्थायी कमिशन (निवृत्तीपर्यंतची नेमणूक) मिळणारच नाही हे गृहीत धरून वरिष्ठांनी ते अहवाल वरवर लिहिले होते. पुढे स्थायी कमिशन द्यायची वेळ आली तेव्हा तेच पुढे केले गेले. २५ मार्च २०२१ रोजी नितीशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मूल्यमापनाची पद्धत अप्रत्यक्ष भेदभावाची ठरवली.

प्रश्न : पती हवालदार आहेत. नायब सुभेदारीला काय लागतं?
– सातारा जिल्हा

उत्तर : लष्कराच्या १९९७ च्या धोरणपत्रानुसार शेवटचे पाच अहवाल पाहतात. त्यातले किमान तीन हवालदार पदावरचे हवेत. तीन ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ आणि उरलेले ‘हाय अ‍ॅव्हरेज’च्या खाली नकोत. रेजिमेंटल ड्यूटीवरचे (आपल्या युनिटमधल्या कामाचे) अहवालही लागतात, आणि घोडं इथेच अडतं : लांब मुदतीच्या बाहेरच्या पोस्टिंगमुळे ते कमी पडतात. प्रमोशन केडर (बढतीसाठीचा कोर्स) आणि मेडिकल कॅटेगरी या अटी वेगळ्या. धोरणपत्रात दुरुस्त्या होत असतात. चालू पत्र युनिटच्या क्लार्ककडून पाहून घ्या, आणि तेही पाचवा अहवाल भरला जाण्याआधी.