अनुभव आपला, पण त्यातली माणसे?

निफाड तालुक्यात सासर असलेल्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी गेली नऊ वर्षे नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या एका 44 वर्षांच्या वाचक भगिनीचे सहा पानी पत्र माझ्यासमोर आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. द्राक्षबागेत घालवलेल्या वीस वर्षांवरचा त्यांचा लेख गेल्या दिवाळी अंकात छापून आला. गारपिटीची एक रात्र, पीककर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून घेतलेली सही आणि सातबाऱ्यावर कुठेच नसलेले स्वतःचे नाव, असा त्याचा विषय आहे. लेख वाचून गावातल्या पाच जणींनी आपापल्या घरचे उतारे काढून पाहिले. दिरांनी मात्र ‘घरातले चव्हाट्यावर मांडले’ म्हणून बोलणे टाकले आहे. यजमान म्हणतात, लिहायचेच असेल तर टोपणनावाने लिही. वाचक मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की हे अनुभवकथन झाले, साहित्य नव्हे, कारण बायका स्वतःपलीकडचे लिहीत नाहीत. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, एक वाक्य आहे : ‘मोठ्या जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, पण दिवाळीपासून त्यांनी मला फोन केलेला नाही.’ मी लिहिणे थांबवू का, असा तुमचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

लिहिणे थांबवू नका. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यातले काही तुम्हाला लागेल.

पत्रासोबत पाठवलेला लेख मी दोनदा वाचला. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली उभे राहून, मान वर करून, हातातल्या लहानशा कात्रीने घडातले मणी कापत दिवस काढल्यावर रात्री चुलीपुढे बसलात आणि ‘भाकरी थापायला मान खाली होईना’, असे तुम्ही लिहिले आहे. नाशिकची द्राक्षे मी जन्मभर खात आले, पण एका बाईच्या मानेत ती कुठे दुखतात हे मला या वाक्याने समजले. त्याच पानावर खाली ‘स्त्री ही सोशिकतेची मूर्ती आहे’ असेही एक वाक्य आहे. ते कोणीही, काहीही न सोसता लिहू शकते. पहिल्या वाक्यासाठी मात्र ती बाग, ती चूल आणि तुमची मान, तिन्ही लागली. वीस वर्षांतल्या हजारो क्षणांतून नेमका हाच क्षण उचलणे ही निवड आहे, आणि तिलाच आपण कला म्हणतो. त्या ज्येष्ठ सदस्यांना हे सांगायला जाऊ नका. दुसरा लेख लिहा.

स्त्रिया स्वतःपलीकडचे लिहीत नाहीत हा आक्षेप आपल्याच जिल्ह्यात टिकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला झाला. शाळेचे शिक्षण नाही, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांचे सोवळे आहे, नवऱ्याचा संताप आणि वारंवार घर सोडून जाणे आहे, त्याने धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट आहे. सगळे घरातलेच. तरीही त्या काळचा सबंध महाराष्ट्र, त्यातली जात, धर्म आणि माणुसकी समजून घ्यायला आजही लोक त्या पुस्तकाकडे जातात. त्यात कोणाचाही सूड नाही. वडिलांचा विक्षिप्तपणा लपवलेला नाही, पण वडिलांना खलपुरुषही केलेले नाही, आणि हसण्याची वेळ येते तेव्हा लक्ष्मीबाई आधी स्वतःला हसतात. तुमच्या लेखात गारपिटीनंतरच्या सकाळचे दीर एकाच रंगात रंगवले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. त्या सकाळी पडलेला मांडव पाहताना त्यांचे हात काय करत होते, हे तुम्ही नक्की पाहिले असेल. ते लिहिले असते तर तक्रार कमी झाली असती असे मी म्हणत नाही, पण लेख जास्त खरा झाला असता.

दिरांच्या रागाचे खरे कारण तुमचा लेख नसून ते पाच उतारे आहेत, असे मला वाटते. बाईने आपले जगणे मांडले की ऐकणारी दुसरी बाई स्वतःच्या जगण्याकडे वळून पाहते, आणि तिथे कागदांचा प्रश्न येतो. हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, तेव्हा शेतात राबणाऱ्या बाया प्रचंड संख्येने जमल्या, आणि पुढे त्याच संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून दिली. तुम्ही कोणाला उतारे काढा असे सांगितले नव्हते, फक्त स्वतःच्या सहीविषयी लिहिले होते. त्याचा परिणाम झाला, याची लाज तुम्ही का बाळगावी? एवढे मात्र करा : तुम्हाला वाटा हवा आहे की नाही, हे यजमानांशी आणि दिरांशी समोरासमोर, स्पष्ट शब्दांत बोला. हवा असेल तर वकिलाला विचारून मागा. हिश्श्याची मागणी लेखातून सूचित करत राहिलात तर लेखाचेही नुकसान आणि मागणीचेही.

टोपणनावाबद्दल यजमानांना नावे ठेवू नका, ते तुम्हाला गप्प बसा म्हणत नाहीत. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले आणि शिकलेल्या अविवाहित मुलींचे मन उघड केले म्हणून केवढे वादळ उठले. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या, आणि त्या आडोशामुळेच त्या काळात ते लिहिता आले. पण तुमच्या बाबतीत त्याने काय साधेल? तुमचे गाव तुम्हाला नावावरून नव्हे, बागेवरून आणि विहिरीवरून ओळखते. टोपणनाव घेतले असते तरी मोठ्या जाऊबाई ओळखल्या गेल्याच असत्या.

आता त्यांच्याविषयी. तुमच्या सहा पानांत त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले, आणि माझ्या मते सगळे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिले गेले आहे. गारपिटीच्या रात्री त्या गोठ्यात बसून रडल्या आणि मूल न झाल्यावरून ऐकावे लागलेले बोल त्यांनी तुम्हाला सांगितले, असे लेखात आहे. त्यांनी ते दुसऱ्या कोणाला सांगितले नव्हते, हेही तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे गावाला ते तुमच्या लेखातून कळले. तुमची मान, तुमची सही, तुमचे न लागलेले नाव, हे तुमचे आहे आणि त्यावर कोणाची परवानगी नको. गोठ्यातले रडणे तुमच्यासमोर घडले, पण ते तुमचे नव्हते.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. तिशीत असताना मी माझ्या मावशीच्या वैधव्यावर लिहिले होते, तिला न विचारता, आणि ते छापून आल्याचा मला अभिमान होता. मावशीने लेख घडी घालून परत दिला आणि म्हणाली, ‘मला विचारले असतेस तर मीच सांगितले असते, आणि तू लिहिलेस त्यापेक्षा खरे सांगितले असते.’ ती रागावली नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अजून सोडत नाही. तिच्याकडून ऐकायचे राहिलेले पुढे कधीच ऐकायला मिळाले नाही.

तुमच्या जाऊबाई आहेत, हाकेच्या अंतरावर आहेत. फोनवर माफी मागू नका, बसने तास-दीड तासाची वाट आहे, स्वतः जा. सध्या विरळणी आणि डिपिंगची, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याची, घाई असेल, त्यांना मान खाली करायला वेळ नसेल, तेव्हा ती कामे उरकू द्या. लेख सोबत न्या आणि गोठ्याचा भाग त्यांना स्वतः वाचून दाखवा. पुढे तो भाग कुठल्या पुस्तकात घ्यायचा की गाळायचा, हे त्यांनी ठरवावे, आणि त्यांनी ‘गाळ’ म्हटले तर वाद न घालता गाळा. त्या बोलू लागल्या, तर त्या दिवशी वही काढू नका.

तुमची,
स्तंभलेखिका