आईला व्हर्टिगोचे व्यायाम दिलेत, पण केले की आणखी गरगरतं. बंद करावेत का?

बंद करू नका, वेग कमी करा. थोडं गरगरणं या व्यायामांत अपेक्षितच असतं. पण तुम्ही लिहिलंय की ७२ वर्षांच्या आईंना कूस बदलताना घर फिरल्यासारखं होतं आणि चालतानाही तोल जातो. या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात आणि पहिलीसाठी महिनोन्‌महिने व्यायाम करायची सहसा गरज नसते. (मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघते.)

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की कूस बदलताना, वाकताना, माळ्याकडे वर बघताना गरगरतं आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतं. हा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर. तो ओळखायला मान एका बाजूला वळवून पटकन आडवं करतात आणि डोळ्यांची बुबुळं कशी उडतात ते बघतात. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी आईंची झाली होती का, ते आधी विचारा. त्यात दोष सापडला तर बहुतेकदा एप्ली मनूव्हर करतात. जॉन एप्ली या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध केली. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण नलिकेबाहेर काढायचे, काही मिनिटांचं काम. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. पहिल्यांदा मात्र यूट्यूब बघून घरी करू नका. कान कुठला, नलिका कुठली, हे कळल्याशिवाय उपयोग नाही.

आपल्याकडे चक्कर म्हटली की मानेचा एक्स-रे निघतो. सत्तरीत मणके झिजलेले दिसणारच! मग स्पॉन्डिलायटिसचा शिक्का आणि गळ्यात पट्टा. मेंदूला डोक्याच्या हालचालींतूनच सावरायला शिकायचं असतं आणि आपण मानच बांधून ठेवतो.

आता व्यायाम. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी ते बसवले. डोकं हलवल्यावर नजर घसरते, ती चूक मेंदूला जाणवते, तेव्हाच तो दुरुस्ती करतो. म्हणून अजिबात न गरगरणारा व्यायाम फारसा कामाचा नाही. माझा ढोबळ हिशेब असा: त्रास दहापैकी तीन-चार इतका व्हावा आणि पंधरा-वीस मिनिटांत शमावा. तासन्‌तास राहिला तर जास्त झालं.

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक ठळक अक्षर चिकटवा. आईंनी हातभर अंतरावर खुर्चीत बसून नजर अक्षरावर ठेवायची आणि ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी मान हलवायची, अक्षर पुसट होणार नाही इतक्याच वेगाने. सुरुवातीला अर्धा मिनिट, दिवसातून तीनदा. जमलं की उभं राहून. तोलासाठी ओट्याला हात टेकून पाय जुळवून उभं राहायचं, पुढे एका पावलासमोर दुसरं पाऊल. डोळे मिटून करायचं ते सगळ्यात शेवटी, आणि मागे कुणीतरी हवंच.

चक्कर दाबणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर डॉक्टरांशी बोला. पहिल्या काही दिवसांत त्या उपयोगी, पण लांबल्या की मेंदूचं हे शिकणं मंदावतं आणि म्हातारपणी हातपाय ताठरणं, कापणं सुरू होऊ शकतं. परस्पर मात्र बंद करू नका. फक्त उठून उभं राहताना अंधारी येत असेल, तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी बीपी मोजून घ्या. तिथे दोष बहुधा कानाचा नसतो.

दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, एका कानाने अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच इस्पितळ गाठा.

नेमाने केलं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसावा. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर वेळ जास्त लागतो.