थंडीत अलमंडा, मँडेव्हिला पिवळी पडते तेव्हा

डिसेंबर लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या गावांहून येते: दिवाळीत फुलांनी लगडलेली वेल आता पिवळी का पडली? अलमंडा आणि मँडेव्हिला दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातल्या. रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला की त्यांची वाढ थांबते, आणि परभणीत थंडीच्या लाटेत तो 5 च्याही खाली उतरतो. तेव्हा थोडी पानगळ व्हायचीच.

प्रश्न : अलमंडा थंडीपुरती हॉलमध्ये ठेवली तर फुलेल का? (जालना)

नाही. फुलांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं.

प्रश्न : मनी प्लांटच्या पाण्यात दूध घातलं तर पानं मोठी होतात म्हणे? (बीड)

पाण्याला फक्त वास येतो. मोठ्या पानांसाठी वेल खांबावर चढवा.

प्रश्न : आमच्याकडे केळीच्या बागेला थंडीत रात्री पाणी देतात. मीही गच्चीवरच्या मँडेव्हिलाला रोज रात्री पाणी घालते, तरी ती मलूलच. पाणी कमी पडतंय का? (अर्धापूर)

कमी नाही, जास्त होतंय. आजपासून बंद करा. थंडीपेक्षा या सल्ल्यानंच कुंडीतल्या वेली जास्त मरतात.

बागेत ते बरोबर आहे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं. 12 इंची कुंडीत माती ती केवढी! ती चारी बाजूंनी गार होते आणि वर पडतं ते गच्चीवरच्या टाकीतलं गारढोण पाणी. गारठलेली मुळं पाणी नीट ओढत नाहीत. सकाळी पानांवर ऊन आलं की वरून बाष्प जातं, खालून भरपाई होत नाही, वेल मान टाकते. ती तहानली असं समजून आणखी तांब्याभर ओतलं जातं. मातीतली हवा संपते, मुळं कुजतात, वेल आणखी सुकते, आणि पुन्हा पाणी.

बोट दोन इंच खोल घालून बघा. ओल लागली तर थेंबही नको, पानं कितीही मलूल दिसोत. कोरडं लागलं तर सकाळी 10 ते 11 च्या दरम्यान, बादली थोडा वेळ उन्हात ठेवून, तळच्या भोकातून झिरपेपर्यंत एकदाच द्या. ताटलीत साचलेलं लगेच ओता. नर्सरीतल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) विश्वास ठेवू नका. वर कोरडं, आत चिखल. कुंडी दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीशी सरकवा. लाटेच्या रात्री काठ्या रोवून त्यांवर जुनी चादर टाका आणि ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना टेकलं तर तेवढी पानं करपतात. जानेवारी संपेपर्यंत खत नाही, ‘टॉनिक’ तर नाहीच.

ओल्या मातीतही वेल मलूल असेल, तर उद्यावर न टाकता मुळांसकट मातीचा गड्डा कुंडीबाहेर काढा. पांढरी, टणक मुळं जिवंत; तपकिरी, चिमटीत साल निसटणारी मेलेली. ती स्वच्छ कात्रीनं कापा, वरचा पसारा त्याच मानानं कमी करा आणि दोन भाग पोयटा, एक भाग जाडी वाळू, एक भाग कोकोपीट अशा मिश्रणात लावा. बुरशीनाशक मात्र मुळं दाखवून कृषी विज्ञान केंद्रातून ठरवून घ्या. दुकानदार देईल ते नको.

प्रश्न : दिवाळीपासून अलमंडाची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. एप्सम सॉल्ट घालतोय. (लातूर)

दिवाळीपासून, आणि विचारता आत्ता! एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. त्याची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. नव्या पानांची ही खूण लोहाची. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. मातीत हिराकस (म्हणजेच फेरस सल्फेट) टाकून फायदा नाही, तिथं ते लवकर निकामी होतं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी फवारा, आधी दोन-चार पानांवर करून बघा. मूळ उपाय मात्र माती आणि पाणी दोन्ही तपासून घेतल्यावरच. अहवाल हातात आला की चिलेटेड लोहाचा (मातीत निकामी न होता मुळांना मिळणाऱ्या लोहाचा) प्रकार आणि मात्रा तज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : ऑनलाइन ‘सप्तरंगी मँडेव्हिला’ आणि जेड व्हाइनचं बी मिळतंय. घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

नका घेऊ. रंगीत संकरित मँडेव्हिला छाट कलमांपासून करतात. फोटोतले सात रंग संगणकावर भरलेले. जेड व्हाइनचं बी फार लवकर उगवणशक्ती गमावतं, आणि उगवलंच तरी फिलिपिन्सच्या दमट जंगलातली ही वेल आपला कोरडा मे महिना कसा काढणार? दुकानातल्या बुटक्या, गच्च फुललेल्या मँडेव्हिलालाही बऱ्याचदा वाढ रोखणारं संजीवक दिलेलं असतं. त्याचा असर ओसरला की वेल लांबते. घेतानाच विचारा.

प्रश्न : अलमंडाची छाटणी आत्ता उरकू का? (हिंगोली)

फेब्रुवारीच्या मध्यानंतर, थंडी ओसरल्यावर. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा एक तृतीयांश छाटायला हरकत नाही. चीक विषारी आहे. हातमोजे घाला. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : इतका व्याप नको. थंडीतच फुलणारी वेल सांगा. (नांदेड)

संक्रांतवेल. तीही दक्षिण अमेरिकेतलीच, पण नारिंगी फुलांचे घोस थंडीतच धरते. भरपूर ऊन हवं आणि मांडव लोखंडी हवा, कारण पसारा जड होतो. बहर सरताच छाटा. उशीर केलात तर पुढच्या हंगामात फुलायच्या फांद्याच कापाल.