'येशू तिसऱ्या दिवशी उठेल' असं जुन्या करारात स्पष्ट कुठे लिहिलंय?

इतक्या सरळ शब्दांत कुठेच नाही. तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधल्या सहकाऱ्याने "कुठल्या संदेष्ट्याने हे सांगितलं ते दाखव" असं विचारलं, आणि त्याला गप्प करायला तुम्हाला अध्याय आणि वचन हवंय. त्या 'गप्प करायला'मुळेच मी लिहायला बसले.

शोधणारे बहुतेक जण होशेय ६:२ वर थांबतात. दोन दिवसांनी तो आम्हांला जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील, असं तिथे आहे. पण 'आम्हांला' म्हणजे कोणाला? इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूर साम्राज्याच्या छायेत जगणाऱ्या एफ्राईम आणि यहूदा या दोन इस्राएली राज्यांतल्या लोकांना. मशीहाचं नाव तिथे नाही. आणि दोनच वचनं पुढे देव म्हणतो की तुमचं प्रेम सकाळच्या धुक्यासारखं विरून जातं. सहकाऱ्याने मोबाइलवर तो अध्याय उघडला की तुमचा पुरावा तिथेच संपला. योना संदेष्ट्याचं तसं नाही. माशाच्या पोटातले तीन दिवस येशूने स्वतः आपल्यासाठी खूण म्हणून सांगितले (मत्तय १२:४०), मला तेवढं पुरतं. पण योनाच्या पुस्तकात ते भाकीत म्हणून लिहिलेलं नाही, हेही खरं.

आता मला हे इतकं का लागतं ते सांगते. बाबा गेले त्यानंतर ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी प्रार्थनासभा होती. शेजारच्या आजीही आल्या होत्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या यहुदी, टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या शार हशमाईम सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या. बाबांच्या आजारपणात आईला जेवायला बसवणाऱ्या त्याच होत्या. संदेश माझ्या काकांनी दिला. काका आमच्या मंडळीत कित्येक वर्षं वचनाचा अभ्यास घेतात, त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. त्यांनी यहेज्केल ३७ काढला, सुक्या हाडांचं खोरं. हाडं हाडांना जुळतात, त्यांच्यावर मांस चढतं, त्यांच्यात श्वास येतो. काका म्हणाले, "ख्रिस्ताचं पुनरुत्थान सहाशे वर्षं आधी लिहून ठेवलंय, आणि ज्यांचं हे पुस्तक त्यांनाच अजून दिसत नाही." हे म्हणताना ते आजींकडे बघत होते.

मी म्हटलं, "काका, अकरावं वचन वाचा."

त्या वचनात देव स्वतः सांगतो की ही हाडं म्हणजे इस्राएलाचं सगळं घराणं. बाबेलच्या बंदिवासात 'आमची आशा संपली' म्हणणाऱ्या लोकांना दिलेलं ते आश्वासन आहे. काकांनी ते वाचलं नाही. ही वाद घालायची वेळ नाही म्हणाले, पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. भरल्या घरात मुलीने काकांना अडवलं हाच मोठा गुन्हा ठरला. काका काय बोलले, कोणासमोर बोलले, ते कोणी काढलंच नाही.

निघताना आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हा अध्याय आमच्यात वल्हांडण सणातल्या शब्बाथाला वाचतात ग. आणि मेलेल्यांना जिवंत करणाऱ्याची स्तुती तर आमच्या रोजच्या प्रार्थनेत आहे. तुझ्या बाबांसाठी मी मघापासून तेच म्हणत होते."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथून द्यायचंय. मेलेले उठतील ही आशा ख्रिस्ती लोकांनी निर्माण केलेली नाही, ती आपल्याला यहुद्यांकडून मिळाली. यशया २६:१९ म्हणतो, तुझे मृत जिवंत होतील. दानीएल १२:२ मध्ये धुळीत निजलेले जागे होतात. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते की शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठेल हे मला ठाऊक आहे (योहान ११:२४). ती हे कोणत्या चर्चमध्ये शिकली होती? येशूच्या काळच्या यहुदी पंथांपैकी परूशी हे मानत, सदूकी मानत नसत, आणि या वादात येशू परूश्यांच्या बाजूने उभा राहिला. यहुदी पंडित मायमोनिडीसने बाराव्या शतकात यहुदी विश्वासाची तेरा तत्त्वं मांडली, त्यातलं शेवटचं मृतांचं पुनरुत्थान. मृत समुद्राजवळच्या, एकेकाळी रोमन सैन्याने वेढलेल्या मसादाच्या किल्ल्यावर १९६०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा तिथल्या सिनेगॉगच्या जमिनीखाली यहेज्केलाच्या गुंडाळीचे तुकडे सापडले. त्यात हाच ३७वा अध्याय आहे. अशा लोकांना 'तुम्हाला तुमचंच पुस्तक कळत नाही' म्हणायचं?

मग नवीन काय? सगळ्यांचं शेवटी व्हायचं ते एकाचं आधीच, इतिहासाच्या मध्यावर झालं, हे नवीन. स्वतः परूशी असलेल्या पौलाला हे नेमकं दिसलं, म्हणून तो ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो (१ करिंथ १५:२०). पहिली पेंढी देवापुढे आली, म्हणजे उरलेलं पीक येणारच. याच अध्यायाच्या सुरुवातीला 'शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी उठवला गेला' असं वाक्य आहे, तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न बहुधा तिथूनच आलाय. पौलाने वचन कुठलं ते सांगितलेलं नाही. त्याने लगेच नावं घेतली आहेत ती साक्षीदारांची: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब.

आणि काकांच्या मताला खुद्द शुभवर्तमानातच उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी तो उठणार हे संदेष्ट्यांनी इतकं उघड लिहिलं असतं, तर त्या पहाटे कबरेपाशी कोणीतरी वाट पाहत उभं असतं. कोणीच नव्हतं. स्त्रिया गेल्या त्या सुगंधी द्रव्यं घेऊन, प्रेताला लावायला. आपण मरणार आणि उठणार असं येशूने आधी सांगूनही. योहान २०:९ तर स्पष्टच म्हणतो की तो उठणार हा शास्त्रलेख शिष्यांना तोवर कळला नव्हता. अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांना येशूनेच मोशेपासून सगळे संदेष्टे समजावले, तरी ओळख पटली ती भाकर मोडताना. आधी तो उठला, मग जुनी पानं उघडली. हा क्रम उलटा केला की संदेष्टे कोड्यातले इशारे देणारे लोक होऊन बसतात.

भर द्यायचाच तर यशया ५३ वर द्या. तिथे देवाचा सेवक जिवंतांच्या भूमीतून काढून टाकला जातो, पुरला जातो, आणि दहाव्या वचनात तो संतान पाहतो, दीर्घायू होतो. मेलेला माणूस दीर्घायू कसा होईल? हे ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडलं असं कोणी म्हणालं तर सांगा, १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाची गुंडाळी येशूच्या आधीची आहे, आणि तिच्यात अकराव्या वचनात सेवक 'प्रकाश पाहील' असंही आहे. अकराव्या शतकातल्या राशी या रब्बीसारखे यहुदी भाष्यकार हा सेवक म्हणजे इस्राएल असं वाचतात. मी तसं वाचत नाही, मला तिथे ख्रिस्तच दिसतो. पण त्यांचं वाचन आंधळं नाही, कारण यशया स्वतः ४१:८ मध्ये इस्राएलाला सेवक म्हणतो.

मी धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचा. स्तोत्र १६ आणि त्यावरचं पेत्राचं प्रेषितांची कृत्ये २ मधलं भाषण यावर मी काहीच लिहिलं नाही, तेही बघा. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्या बायबलमध्ये दुसरं मक्काबी आहे, त्याच्या सातव्या अध्यायात सात मुलांची आई पुनरुत्थानाच्या भरवशावर मुलांना धीर देते. आणि काकांविषयी एवढं कडक लिहिलं, पण बाबांच्या शेवटच्या रात्री दवाखान्यात जागे तेच राहिले होते.

सहकाऱ्याला सरळ सांगा की असं वचन नाही. मग त्याला लूक २४ वाचायला द्या, त्यानंतर यशया ५३. पटलं नाही तर त्याच्याशी वैर धरू नका. यहेज्केल ३७ दाखवलात, तर अकरावं वचन तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. काकांनी ते अजून वाचलेलं नाही, आणि दर ईस्टरला मी त्यांना ते वाचायला सांगते.