पट्टी विचारणारा मुलगा आणि जवारी काढणारे काका

या महिन्यात वाद्यांच्या दुकानांबद्दल इतके मेल आणि मेसेज आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा प्रश्न वाद्याचा नाहीच, दुकानातली माणसं अशी का वागली याचा आहे. म्हणून आज फक्त त्या माणसांबद्दलच बोलूया.

प्रश्न: ताई, माझी मुलगी 11 वर्षांची आहे, गाणं शिकते. वाढदिवसाला तिला खरा तंबोरा द्यायचा म्हणून मी आणि हे दुकानात गेलो, सरप्राइज होतं म्हणून तिला नेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने पहिलंच विचारलं, पट्टी कुठली? आम्हाला काय माहीत! मग आतून एक वयस्कर काका आले आणि म्हणाले, मुलीला घेऊन या, तिला न बघता मी देणार नाही. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवतात का? सरळ ऑनलाइन मागवू का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर: अहो ताई, ऑनलाइन अजिबात मागवू नका, तुम्हाला चांगलं दुकान सापडलंय, ते धरून ठेवा. ज्या काकांनी हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं त्यांना वाद्य विकण्यापेक्षा ते नीट वाजावं याची काळजी जास्त आहे, आणि अशी माणसं आता शोधावी लागतात.

पट्टी का विचारली ते सांगते. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी, काळी चार म्हणजे चौथी काळी. तंबोऱ्याची लांबी, भोपळ्याचा आकार, तारांची जाडी हे सगळं पट्टीवर ठरतं. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या. मोठा, पुरुषांच्या पट्टीचा तंबोरा ओढून काळी चारला नेला तर तारा तटातट तुटतात, आणि लहान तंबोरा खाली उतरवला तर तारा इतक्या सैल पडतात की नुसती भणभण ऐकू येते, सूर नाहीच. तुमच्या मुलीची पट्टी तिच्या बाईंनी ठरवलेली असणार, त्यांना एक फोन केलात तरी पुरे. आणि ते वाद्य तिला मांडीशी उभं धरून मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने बाकीच्या तीन, असं अर्धा-पाऊण तास छेडायचंय. 11 वर्षांच्या मुलीचा हात कुठवर पोचतो हे तिला समोर बसवल्याशिवाय काकांना कळणार कसं?

दुसरं कारण जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून बसवणं. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या तुकड्याची, पाठ वरून सपाट दिसते पण तिला इतका बारीक उतार दिलेला असतो की नुसत्या डोळ्याला तो कळतच नाही, तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते म्हणून तंबोरा गुंजतो. तुम्ही परत जाल तेव्हा काकांना म्हणा, आमच्यासमोर काढा जवारी, आणि शांत बसून बघा. ते कानस घेऊन घोडीवर दोन हलके हात मारतील, फुंकर मारून भुकटी उडवतील, तार चढवतील, छेडतील, मान हलवतील, परत तार उतरवतील, परत कानस. असं कितीतरी वेळा. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतील, तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहतील, आणि एका ठिकाणी तार अशी उघडते की दुकानात दुसरीकडे बघणारा माणूससुद्धा वळून बघतो. या कामाला माप नाही, मशीन नाही, फक्त कान आहे. कुरिअरने आलेल्या तंबोऱ्याची घोडी प्रवासात हलली की जवारी गेली, मग ती काढायला तुम्ही याच काकांकडे येणार ना? तर आधीच या. आणि कृपा करून जवारीचे पैसे वेगळे विचारून वेगळे द्या, "एवढा तंबोरा घेतला, हे फुकट करा ना" असं नका म्हणू.

वाढदिवसाला तिला दुकानात न्या, हीच भेट समजा. तोवर अॅपवरचा तानपुरा रियाजाला चालेल, त्यात वाईट काही नाही.

प्रश्न: आजोबांची जुनी पेटी आहे, काही सूर बेसूर झालेत, दोन वाजतच नाहीत. दुकानवाले म्हणाले तीन आठवडे लागतील आणि काही सूर बदलावे लागतील. भाचा म्हणतो यूट्यूबवर बघून मी घरीच कानसेने घासून करतो. काय करू? (एक वाचक, लातूर)

उत्तर: भाच्याला थांबवा, आजच!! साडेतीन सप्तकांची पेटी म्हणजे 42 पट्ट्या, डबल रीड म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर असतील तर पितळेचे 84 सूर (रीड) आत बसलेले आहेत. सुराची पितळी जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो, हे व्हिडिओत बरोबरच सांगतात, पण एकदा गेलेलं पितळ परत येत नाही आणि दोन जोडसुरांमधली लहर (एकत्र वाजताना येणारा थरथराट) कधी थांबली हे ओळखायला रोज तेच ऐकणारा कान लागतो. जे दोन वाजत नाहीत त्यांच्यात कदाचित नुसता कचरा अडकला असेल, कारागीर पातळ कागद सरकवून तो काढतात आणि सूर बोलायला लागतो.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर दुकानाचं कॅलेंडर समजून घ्या. आषाढी वारीच्या आधी दिंडीवाले पखवाज घेऊन येतात, मग श्रावणातली भजनी मंडळं, मग गणपतीचे ढोल-ताशे-ढोलक्या, आणि वर पावसाळ्याने चामडं सैल पडलेलं असतं ते वेगळंच. कामाला बहुतेक ठिकाणी एक-दोनच हात असतात. दिवाळीनंतर पेटी दिलीत तर निवांत काम होईल.

फक्त एक गोष्ट आधीच बोलून घ्या. कुठले सूर बदलणार ते कागदावर लिहून द्या म्हणावं आणि काढलेले जुने सूर परत मागून घ्या. आजोबांच्या काळच्या पेट्यांमध्ये कधीकधी जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतात, ते दुरुस्त होण्यासारखे असतील तर बदलू नयेत. नवीन सूर बरेचदा गुजरातच्या पालिताण्याहून येतात, तेही चांगले असतात पण आवाजाची जात वेगळी. आमच्या घरच्या पेटीचे जुने सूर एका दुकानात न विचारता बदलले आणि ते परत मिळालेच नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतं. चांगला कारागीर हे विचारल्यावर चिडत नाही, उलट खूश होतो की गिऱ्हाइकाला कळतंय.

प्रश्न: तबल्याच्या शाईला तडे गेलेत आणि थोडी निघालीय. नवीन पुडीच (वरचं मढवलेलं चामडं) घ्या म्हणतात, लुटतायत का? (नाशिक)

उत्तर: नाही लुटत. शाई म्हणजे तबल्यावरचा काळा गोल, लोखंडाची पूड आणि खळ मिसळून एकावर एक दिलेले पातळ थर, प्रत्येक थर दगडाने घोटून मगच पुढचा, बसल्या जागी तासन् तास चालणारं काम आहे ते. ती एकदा सुटायला लागली आणि खालचं चामडंही थकलेलं असलं की वर नवीन भरून फार दिवस टिकत नाही. चामडं ठणठणीत असेल तर नुसती शाई भरून बघता येईल का, एवढं विचारून बघा, त्यात काही हरकत नाही.

प्रश्न: मी सांगलीचा, बी.कॉम. झालोय, थोडी सतार वाजवतो. मिरजेत सतारीच्या कारखान्यात काम शिकावं असं फार मनात आहे. घरचे म्हणतात डिग्री घेऊन लाकूड तासणार का, आणि मित्र म्हणतात ते लोक घराबाहेरच्या माणसाला शिकवतच नाहीत. तुम्ही काय म्हणाल? (एक वाचक, 23)

उत्तर: तुझा मेल मी दोनतीनदा वाचला, आणि जा, नक्की जा असंच म्हणावंसं वाटतंय, पण सगळं सांगते मग ठरव.

आधी मिरजेतल्या सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीचा इतिहास. साधारण 1850 च्या सुमाराला मिरजेत फरीदसाहेब होते, घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारं. हत्यारांचं काम कमी होत गेलं आणि ते वाद्यं दुरुस्त करता करता बनवायला लागले, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हे आडनाव लावलं. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला मान होता, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 ला गेले आणि तिथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे अजून गाणं-वाजवणं होतं. म्हणजे दारातच इतके मोठे गवई, आणि तंबोरा जरा बिनसला की तो घेऊन गल्लीत यायचं! त्या कानांनी या हातांना घडवलं असं मला मनापासून वाटतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला दोन्हीला जीआय (त्या गावाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं, ते याच कामाला.

आता काम. सगळं एक माणूस करत नाही. मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, खायचे नव्हेत, वाद्यासाठीच पिकवलेले, ते वाळवायचे, कापायचे, भिजवून आकाराला आणायचे, हे एकाचं काम. तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तासणारा दुसरा, नक्षी करणारा तिसरा, पॉलिशवाला चौथा. सगळ्यात शेवटी पडदे बांधणं, तरफा (पडद्यांखालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा) चढवणं आणि जवारी, ते घरातल्या थोरल्या माणसाकडे. तुला पहिले कित्येक महिने भोपळे आणि पॉलिशपेपरच मिळणार हे धरून चल. ते तुला कमी लेखणं नाही रे, लाकूड हाताला कळल्याशिवाय घोडी हातात देऊन चालत नाही म्हणून. आणि नाकाला मास्क लाव, भुकटी आणि पॉलिशचा वास रोजचा असतो, जुनी मंडळी लावत नाहीत पण तू लाव.

शिकवत नाहीत असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पूर्वी घरातली मुलंच इतकी असायची की बाहेरच्याची गरज पडायची नाही. आता त्याच घरांतली मुलं इंजिनिअरिंगला, नोकरीला जातात, आणि का जाऊ नयेत, एका तंबोऱ्याला आठवडे लागतात आणि गिऱ्हाईक येऊन मोबाईलवर दुसऱ्या दुकानाचा रेट दाखवतं. त्यामुळे मनापासून बसणारा मुलगा आला तर दार बंद असेल असं मला वाटत नाही. पण पैशाचं स्पष्ट बोल: सुरुवातीला किती देणार, किती वर्षांनी तुला स्वतंत्र रिपेरिंग घेता येईल. घरच्यांना हे आकडे सांगितलेस तर तेही ऐकतील. तुझं बी.कॉम. वाया जात नाही, उलट या धंद्यात बिलं, जीएसटी, परदेशी ऑर्डरी, फोटो काढून टाकणं याला माणूस हवाच असतो, सकाळी बाकावर बसून काम शिक आणि संध्याकाळी त्यांचे हिशोब बघ, दोघांचंही भलं होईल.

आणि वाजवणं सोडू नकोस, शिवाय थोडं गाणं शिक. जो कारागीर षड्जाच्या (सा) तारेतून आपोआप उमटणारा गंधार (ग) ऐकू शकतो त्याच्या हातून जवारी लवकर बसते. तो गंधार आधी तंबोऱ्यात शोध, कुणाकडून तरी ऐकवून घे, मग जा काम मागायला.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो, मिरजेहून सतार मागवायची आहे. कस्टम्समध्ये अडकेल का, आणि दुकानवाले विश्वासाने पाठवतात का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर: परदेशी पाठवायची सवय असलेली दुकानं आहेत तिथे, त्यांनाच विचारा पॅकिंग कसं करता ते, फायबरची पेटी हवीच. तारा थोड्या उतरवून पाठवा म्हणून सांगा, आणि घोडी काढून वेगळी गुंडाळून दिली तर उत्तम, फक्त ती नेमकी कुठे बसवायची त्या जागेवर पेन्सिलने खूण करून मागा.

घोडी किंवा सजावटीला हस्तिदंत, सांबरशिंग काहीही नको, शिंगाच्या व्यापारावर आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि तुमच्याकडे तर वाद्यच जप्त होऊ शकतं. फायबर किंवा आबनूसची घोडी घ्या, आता छान आवाज येतो त्यात. सतार बहुतेक तुणीची असते त्यामुळे लाकडाची अडचण नको यायला, पण सोबत तबला मागवणार असाल तर त्याचं खोड शिसमचं असतं. शिसमवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध होते, 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी बिलावर लाकडाचं नाव आणि "तयार वाद्य" असं स्पष्ट लिहून घ्या.

सतार पोचल्यावर लगेच तारा ताणू नका. तुमच्याकडे हिवाळ्यात घरात हीटर असतो, हवा कोरडी, लाकूड आक्रसतं आणि तबलीला चीर जाते, म्हणून दोन-तीन दिवस पेटीतच राहू द्या, खोलीत ह्युमिडिफायर लावा आणि मग हळूहळू चढवा. काही बिघडलंच तर ज्यांनी बनवली त्यांनाच व्हिडिओ कॉल लावा. ते लोक फोनवर आवाज ऐकून सांगतात दोरा कुठे सरकवायचा ते. फक्त त्यांच्या जेवणाच्या आणि नमाजाच्या वेळा सोडून करा, आणि भारतातली वेळ बघून.