तिसरी घागर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

आखाजीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू आजीच्या देवघरापाशी तीन घागरी मोजल्यास. एक आजोबांची, एक पणजीची, आणि तिसरी "वकीलसाहेबांची" असे आजी म्हणाली. जो माणूस आपल्या नात्यातला नाही, त्याच्या नावाची घागर आपण का भरतो, असे तू विचारले आहेस.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, खानदेशात घरोघरी पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचा घास विस्तवावर टाकतात. ही रीत घरच्या माणसांपुरतीच असते. तिसरी घागर आजीने स्वतःच्या मनाने सुरू केली, आणि भाऊबंदांनी नावे ठेवली तरी सोडली नाही.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरातल्याच थोरल्यांनी तलाठ्याकडे वारसांची वर्दी देताना अडीच एकर शेतावरून आजीचे नाव गाळले आणि एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठाही घेतला. ती अमळनेरला वकीलसाहेबांकडे गेली. साहेब कमालीचे तापट. कोऱ्या कागदावर अंगठा दिलाच कसा म्हणून त्यांनी इतर पक्षकारांदेखत तिला असे फैलावर घेतले, की ती उठून निघालीच होती. मग त्यांनी तिला बसवून समजावले, की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत विधवा मुलांच्या बरोबरीची वारस आहे, फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, आणि त्यांतले अकरा दिवस तिने रडण्यात घालवले आहेत. हरकतीचा अर्ज त्यांनी लिहिला, दोनदा वाचून दाखवला, आणि शाईची डबी बाजूला सारून म्हणाले, "सही शिकून या, मग देऊ."

चार दिवस उरले असताना हा हट्ट मला आजही अतिरेकी वाटतो. आजी मात्र दोन रात्री चुलीपुढच्या राखेत बोटाने स्वतःचे नाव गिरवत बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिने अर्जावर सही केली. तिच्या ट्रंकेतल्या नकलेवर तू ती पाहशील. शेवटचे अक्षर रेघेखाली घसरलेले आहे. पुढे तारखा पडत राहिल्या, पण सातबाऱ्यावर तिचे नाव लागले.

फी म्हणून त्यांनी स्टॅम्पचे पैसे घेतले आणि तापीच्या वाळूतले एक डांगर मागितले. मे महिन्यात कोर्टाला सुटी लागली, की ते गावोगाव जाऊन बांधाची भांडणे पारावर बसून मिटवत, त्यामुळे बाररूममध्ये त्यांना स्वतःचाच धंदा बुडवणारा वकील म्हणत. त्या फेरीत ते आपल्या ओट्यावर हमखास टेकत आणि आजी डांगर पुढे ठेवी. आधी देठाचा वास घेत. कच्चे वाटले तर परत करून दुसरे मागत. यंदाचे डांगरही आजीने तसेच वास घेऊन निवडले होते.

तुझा,
बाबा