दुकानातल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता वाढवायची आहे, तर अभ्यास नेमका कशाचा करावा?

कॅमेऱ्यांच्या कोटेशनपासून सुरुवात करू नका. कॅमेरा नंतर बघायला उपयोगी, पडणाऱ्याला तो धरत नाही. आधी वर्षभराचं अपघात-रजिस्टर काढा आणि ‘कारण’ हा रकाना वाचा. तिथे पानोपानी ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ लिहिलेलं असेल तर समजा, कारण कुणी शोधलेलंच नाही.

वरच्या फळीवरचा खोका काढताना माणूस पालथ्या क्रेटवर चढला, क्रेट कलंडला, मनगट मोडलं. नोंद: निष्काळजीपणा. आता विचारा, शिडी कुठे होती? गोदामात, सकाळी उतरवलेल्या मालामागे. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळतंय आणि क्रेट हाताशी आहे. जड खोका वर का होता? डोळ्यांसमोरची जागा विक्रीच्या मालाला दिली म्हणून. यातला एकही निर्णय त्या माणसाचा नव्हता! पायरीचं स्टूल प्रत्येक रांगेच्या टोकाला ठेवा. जड माल गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या फळ्यांवर, खांद्याच्या वर फक्त हलका. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही उचलायची मर्यादा 23 किलो धरली आहे. हात लांब गेले किंवा कंबर वळली की ती भराभर उतरते. ‘तरुण पोरगा आहे, उचलेल’ हे मला कधीच पटलेलं नाही.

कटरचंही तसंच. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, मग ते सटकतं आणि खोका धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर येतं. हात सुटताच आपोआप आत जाणारं पातं घ्या. जुनी पाती टाकायचा बंद डबा खोके फोडतात तिथेच हवा. तो लांब असला की पातं कुणी बदलत नाही.

लुटीबद्दल थोडक्यात. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांनाच विचारून काही दुकानांत बदल केले होते: काचेवरची पोस्टरं काढली, गल्ला रस्त्यावरून दिसेल असा ठेवला, रोकड कमी ठेवली. बदल न केलेल्या दुकानांपेक्षा तिथे लुटी कमी झाल्या. धोक्याचं बटण बसवलंत तर हात न हलवता दाबता येईल असं, गुडघ्याजवळ किंवा पायाशी बसवा आणि दर आठवड्याला दाबून बघा. लूट होत असताना मात्र पैसे देऊन टाकायचे, हे कर्मचाऱ्यांना लेखी द्या. गल्ला कमी भरला म्हणून पगार कापणार असाल तर ते लेखी कुणी मानणार नाही.

हो, एक राहिलं. थोडक्यात टळलेले प्रसंगही रजिस्टरात यायला हवेत, आणि नोंद करणाऱ्यालाच मेमो मिळाला तर महिनाभरात पानं कोरी पडतात. मुलाखती घ्यायच्या असतील तर रात्री शटर ओढणाऱ्या पाळीच्या घ्या, मॅनेजर खोलीत नसताना.